वरण शिजतं ते पाणी

पाणी चांगलं की वाईट, हे आमच्या गावात तुरीची डाळ ठरवायची. दुसरी कोणतीही परीक्षा आम्हाला मान्य नव्हती. नवीन बोअर लागली की बाया आधी कळशीभर पाणी घरी न्यायच्या, त्यात डाळ टाकायच्या आणि चुलीसमोर बसून राहायच्या. डाळ एका उकळीत गळाली तर पाणी पास. दाणा कडक राहिला तर ते पाणी गुरांना.

गल्लीच्या तोंडाशी हातपंप बसला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. त्याआधी सगळं गाव विहिरीवर जायचं. त्या विहिरीचं पाणी इतकं जड, की डाळ दुपारपर्यंत भांड्यात खडखडत राहायची आणि शेवटी बाई घामेघूम होईस्तोवर ती घोटायची. बोअरच्या पाण्यात पहिली डाळ शिजवायचा मान आमच्या आईला मिळाला. हे मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की मला आता वाटतं मीच ती चूल पेटवली होती. "लोन्यावानी वरन झालतं," ती सांगायची. "म्या वाटी घेऊन घरोघर फिरली. जिनं चाटलं तिनं दुसऱ्या दिवशी इहिरीचा दोर गुंडाळून ठेवला." पुढं ती विहीर बुजवली आणि वर सिमेंटचा ओटा बांधला. त्यावर आता निवडणुकीची भाषणं होतात.

बोअरचं पाणी होतंच तसं. गोड, हलकं, साबणाला फेस भरपूर. पाहुणे आले तर जाताना एक कॅन भरून न्यायचे. आईला तर असं वाटायचं की ते पाणी तिनंच जन्माला घातलंय. कोणी म्हटलं ‘चहा छान झाला’, तर ती म्हणायची, "पानी कोनतं हाये मंग!"

आमचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते खडूसारखे. नुसते पांढरे नाहीत, पांढऱ्यावर आणखी पांढरे ठिपके. हळूहळू ते ठिपके पिवळे पडले आणि मग चहाच्या कपाच्या बुडाला बसतो तसला तपकिरी रंग आला. माझ्या एकटीचे असते तर मी रडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण वर्गात सगळ्यांचेच तसे. आम्हाला वाटायचं, मोठं झाल्यावर दात असेच होत असतील.

मोठ्या माणसांना मात्र कारण पाहिजे होतं, आणि कारणांची गावात काही टंचाई नव्हती. पोट्टे चिंचा खातात. पोट्टे माती खातात. घासत नाहीत. माझ्या मोठ्या भावाचे दात पाहून बाबांनी ठरवलं की कार्टं चोरून तंबाखू-सुपारीचा खर्रा खातं, आणि भर चौकात त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्यानं तोवर सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. पण मार तर खाल्लाच आहे, आता खर्रा तरी खाऊन पाहू, असा विचार करून त्यानं तो सुरू केला. आजही खातो. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "पाह्य, मी म्हनलं नव्हतं?"

माझा बंदोबस्त आईकडं होता. रोज सकाळी ती मला दोन गुडघ्यांत दाबून धरायची आणि राखोंडीनं दात घासायची. राखोंडीनं भागलं नाही तर मीठ, मिठानं भागलं नाही तर विटेची भुकटी. हिरड्यांतून रक्त यायचं. "पोरीची जात हाये," ती घासता घासता म्हणायची, "उद्या चार लोक पाह्यले येतीन तं काय दाखवशीन? हे?" मी ओरडायला तोंड उघडलं की तिला मागच्या दाढाही सापडायच्या. दातांवरचा डाग काही हलायचा नाही.

आणि आईचे स्वतःचे दात? मोगऱ्याच्या कळ्या. तिचेच नाही, गावातल्या सगळ्या सुनांचे दात पांढरेशुभ्र आणि सगळ्या लेकींचे तपकिरी. हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांनी त्यातून एकच अर्थ काढला: सुना वळणदार, लेकी लाडावलेल्या. ‘सुनेकडून काही शीक’ असं सासू आपल्याच पोरीला म्हणते, असं गाव मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या गावात दात पाहून सुनांचं कौतुक व्हायचं, आणि सुनाही बिचाऱ्या ते गुमान स्वीकारायच्या. इतकं फुकटचं कौतुक कोण सोडतं?

मी सातवीत असताना सरकारी माणसं आली. बाटलीत पाणी भरून घेऊन गेली. काही दिवसांनी पुन्हा आली आणि हातपंपाला वरपासून खालपर्यंत लाल रंग फासून गेली. का फासला, ते त्यांनी चावडीवर बसलेल्या माणसांना सांगितलंही म्हणे. हे पाणी पिऊ नका, धुण्या-भांड्याला वापरा. माणसांनी माना डोलावल्या, त्यांना चहा पाजला. त्याच पाण्याचा. आता पाणी भरायचं कोण, तर बाया. बायांना सांगायचं कोण, हे काही त्या चहात ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी बायांनी पाहिलं, पंप लालबुंद. त्यांना वाटलं सरकारनं सन्मान केला. कोणीतरी हळदीकुंकू वाहिलं. पोळ्याला तर बैलांआधी त्या पंपाला हार पडला.

आमच्या गावच्या पोरींची पंचक्रोशीत एक कीर्ती होती. लय मर्यादशील. उगाच दात काढत नाहीत. मला पाहायला अनसिंगचे लोक आले तेव्हा मी ओठ मिटून पोहे दिले, ओठ मिटून नाव सांगितलं, आणि माझ्या होणाऱ्या नणंदेनं काहीतरी गमतीचं विचारलं तेव्हा ओठ मिटून मान खाली घातली. सासू माझ्या आईला म्हणाली, "शांत हाये बाई पोरगी. आमाले अशीच पाह्यजे होती." आईनं सुटकेचा असा श्वास सोडला की पदर हलला.

शांतपणा लग्नानंतर आठवडाभर टिकला. मग एक दिवस म्हशीनं सासऱ्यांची धोतरासकट बादली उडवली आणि मला हसू आवरलं नाही. मी खळखळून हसले. सासू माझ्याकडं पाहतच राहिली. "सूनबाई, तू मिसरी लावतं काय?" मी म्हटलं, नाही. "मंग खर्रा?" मी म्हटलं, नाही हो आत्याबाई, आमच्या गावात असेच असतात. "असेच असतात म्हंजे काय वं, दात हायेत का जनावराचे कान, गावागावाचे येगळे?" आता वाटतं, बाई किती बरोबर बोलली होती.

या सासरच्या घरात सगळ्यांचे दात शुभ्र होते आणि वरण कच्चं. विहिरीचं जड पाणी. कुकरनं शिट्या मारून मारून शेजाऱ्यांची झोप मोडली तरी डाळ आपली ताठच. माझी आई पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा तिनं एक घास घेतला आणि तिचे डोळे भरले. जावयाचं घर पाहून नाही, वरण पाहून. "माया पोरीले साधं वरन जमत नाई म्हनतीन लोक," ती मागच्या दारी मला म्हणाली. "काही फिकीर करू नोको."

तेव्हापासून आमच्या घरी माहेरचं पाणी सुरू झालं. आमचं गाव मेडशीच्या फाट्यावरून आत. आई फाट्यावर यायची, पुसदकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या सीटमागं पाण्याचा कॅन ठेवायची, आणि अनसिंगला तो मी उतरवून घ्यायची. लोकांच्या माहेराहून लोणची येतात, पापड येतात. माझ्या माहेराहून पाणी. कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, "ताई, तुमचं माहेर आलं!" डाळ आता एका शिटीत गळायची. सासूनं दोन वाट्या वरण जास्त खाल्लं आणि माझ्या दातांबद्दल बोलणं बंद केलं.

माझी पोरगी झाली, दूध सोडलं, पाणी पिऊ लागली, तर तिला घरातलं पाणी कडू लागायचं. तिचं पाणी म्हणजे ‘आजीचं पाणी’. आईला हे कळलं तेव्हा ती आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिली. एका कॅनचे दोन झाले.

पोरगी पाच वर्षांची असताना तिची दाढ दुखायला लागली, म्हणून तिला वाशिमला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. तरुण बाई होती. तिनं दाढेतली कीड पाहिली, चॉकलेटवरून मला बोलून घेतलं, औषध भरलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही जरा तोंड उघडता का?"

कितीतरी वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. तोंड बंद ठेव म्हणणारे पुष्कळ भेटले. मी उघडलं.

"माहेर कुठलं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मान हलवली, आमचं पाणी तिच्या ओळखीचं असल्यासारखी. मग समजावून सांगितलं. काही ठिकाणी जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड फार असतं. थोडं असलं तर दातांना चांगलंच, पण जास्त झालं की नवे दात हिरडीच्या आत घडत असतानाच बिघडतात. डाग वरून बसलेला नसतो, तो दातातच असतो. घासून जात नाही. मी म्हटलं, "विटेनं घासला तरी?" ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

"आणि हिला कोणतं पाणी देता?"

मी सांगितलं की आजीकडून येतं ते देते, पण उकळून देते. "उकळून पाणी आटतं, फ्लोराइड आटत नाही. उलट दाटच होईल," ती म्हणाली. "साधारण आठ वर्षांपर्यंत दात घडत राहतात. समोरच्यांचं जे व्हायचं ते बरंचसं झालं असेल. मागचे अजून हाती आहेत. ते पाणी आजपासून बंद."

गाडीत पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी तिचा वरचा ओठ बोटानं उचलून पुन्हापुन्हा आत पाहत होते. दुधाचे दात होते. पांढरे, छोटे. त्यांच्या मागं काय घडून राह्यलं, ते काही दिसत नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, "काय पाहून राह्यल्या?" मला तिच्यावर असा राग आला, जणू पाणी तिनंच पाजलं होतं.

पाणी बंद करणं सोपं होतं. आईला सांगणं कठीण होतं. जिनं त्या पाण्याची पहिली डाळ शिजवली, घरोघर वाटी फिरवली, तिला फोन करून काय सांगू? तुझ्या पाण्यानं तुझ्याच लेकरांचे दात खाल्ले? मी सांगितलंच नाही. कॅन येत राहिले आणि मी ते परसातल्या लिंबाला ओतत राहिले. आईला फोनवर म्हणायची, हो, वरण छान झालं. असं बरेच दिवस चाललं असतं. पण आमच्या पोरीनं एक दिवस फोन हिसकून घेतला. "आजी, तुयं पानी आई झाडाले टाकते!"

पुढच्याच गाडीनं आई हजर. दोन्ही हातांत दोन कॅन. उंबऱ्यातूनच सुरू झाली, "काहून वं? माया पाण्याले नावं ठेवतं आता? कुकर घेतला, फिरीज घेतला, म्हून माजली काय तू?"

मी तिला बसवलं आणि सांगितलं. डॉक्टर काय म्हणाली ते सगळं. आधी शांतपणे, मग ती ऐकेना म्हणून आवाज चढवून. दाताच्या कण्या झाल्या माझ्या. ती आपली एकाच मुद्द्यावर अडून. तिनं ओठ वर केले आणि बोटानं स्वतःच्या दातांवर टकटक केलं. "आनि हे? हे काय हाये? तीस-पस्तीस वर्सं झाले तेच पानी पेऊन राह्यली मी. कुठं हाये डाग, दाखोव! तुया डाक्टरनीले आन अठी, म्या इचारते तिले!"

मी त्या दातांकडं पाहिलं, आणि ज्या गोष्टीवर मी जन्मभर कुढत आले तिचं कारण तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी ओरडलेच, "आई, तुये दात तुया माहेरच्या पाण्याचे हायेत! आपल्या गावात आली तवा ते घडून झाले होते!"

तिचं बोट तसंच दातावर. मग तिनं हळूहळू गावातली घरं मोजायला सुरुवात केली, तोंडातल्या तोंडात. थोरली जाऊ, पांढरे. तिची पोरगी. समोरची, पांढरे. तिच्या दोघी. पाटलाची सून. पाटलाची लेक. सगळी गल्ली तिनं माझ्या स्वयंपाकघरात बसून फिरून काढली. सुना, लेकी, सुना, लेकी. शेवटी म्हणाली, "म्हंजे लेकी वंगाळ नोहत्या."

"नाही ना."

"आनि तो लाल रंग?"

मी सांगितलं, लाल म्हणजे पिऊ नका, हे मलाही डॉक्टरकडूनच कळलं. चावडीवर सांगून गेले होते म्हणे. आईचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही पदर खोचून चावडीवरच जाणार. "मान्सायले सांगतलं? पानी काय मान्सं भरतात? एकानं तरी घरी येऊन तोंड उघडलं असतं मेल्यानं!" मग आवाज उतरला. "आमी हार घातले वं त्याले."

हसू यायला पाहिजे होतं. मला आलं नाही. ती उठली, पाणी फेकायचं नाही म्हणून त्या दोन्ही कॅनच्या पाण्यानं तिनं माझी मांडणीवरची स्वच्छ भांडीसुद्धा घासून काढली, आणि रिकामे कॅन घेऊन दुपारच्या गाडीनं परत गेली. जाताना पोरीचा पापा घेतला. माझ्याकडं नीट पाहिलं नाही.

गावात जाऊन तिनं पंपावरच्या बायांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. का ऐकतील? तिनंच तर त्यांना वाटी चाटवली होती. एकजण म्हणाली, "बुढीले पोरीनं शिकवून पाठोलं." दुसरी म्हणाली, "मंग वरन कायच्यात शिजवाचं, सांग." पण घरात माझ्या भावाचं धाकटं पोरगं आहे, नुकतं चालायला लागलेलं, दुधाच्या दातांचं. आमच्या शेतात ओढ्यापलीकडं एक जुनी विहीर आहे. भावानं तिच्या पाण्याची बाटली वाशिमला तपासायला दिली, पाणी पिण्यालायक निघालं. आईनं डाळ न शिजवता मान्य केलेलं हे पहिलं पाणी. त्या दिवसापासून ती रोज सकाळी शेतातून त्या पोरापुरती कळशी डोक्यावर आणते. गुडघे दुखतात तिचे. भावजय म्हणते जार लावू, भाऊ म्हणतो गाडीवर आणून देईन, आणि दोघंही विसरतात. ती थांबत नाही.

माझ्या पोरीचे समोरचे चार दात आले. एकावर खडूची बारीक रेघ आहे, उजेडात धरलं तर दिसते. डॉक्टर म्हणाली एवढी चालते. मागचे यायचेत अजून. रोज रात्री ब्रश करताना मी तिला तोंड उघडायला लावते आणि ती ‘आई, पुरे’ म्हणून वैतागते. वैतागू दे. हसते तेव्हा सगळे दात दाखवून हसते, घशातली पडजीभ दिसेस्तोवर. लय निर्लज्ज हसते, सासू म्हणते. मला ऐकून बरं वाटतं.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. तुरीला शेंगा धरल्या, माकडं फार झालीत. मग म्हणाली, आज त्या शेतातल्या पाण्यात पोरासाठी वरण लावलं, तर ते काही शिजलं नाही, दाणे तसेच. हातानं कुस्करून भरवलं. मी म्हटलं, "आई, डाळ बोअरच्या पाण्यात नको शिजवू हे बराबर, पण गुडघ्यांकडं बी पाह्य. रोज कायले जातं तू एवढ्या दूर? दादाले आणू दे ना."

ती म्हणाली, "तुया वक्ताले ठाऊक असतं, तं तुयासाठी बी आनलं असतं वं माय."